जळालेल्या गवतावर

आबा, तुम्ही जाऊन एकोणीस वर्षे झाली आणि या अवधीत तुमच्या चिरंजीवाने एक गृहरथ सिद्ध केला आहे. सामान्य जन त्यास जुना टेम्पो म्हणतात; परंतु त्यात शय्या आहे, शेगडी आहे, सिलिंडर आहे आणि दोन श्वान आहेत, म्हणजे तुमच्या सुनेच्या मते संसारातून केवळ तिलाच वगळले आहे. फाल्गुनाच्या आरंभी, सावर फुललेली असताना, मी आणि दोन्ही श्वान असे आम्ही तिघे कोरेगावहून निघून साताऱ्याच्या पश्चिमेचे डोंगर चढलो. पठारावर रस्ता संपला तिथे दुपारच्या भोजनास थांबलो. मी प्रथम जेवलो. तुम्ही सैन्यात खेचरे सांभाळलीत आणि निवृत्तीनंतरही पहिली भाकरी दारच्या कुत्र्याला घालूनच पाटावर बसत होता. एकदा मी आधी घास घेतला, तर चुलीपुढून तुम्ही माझे ताट उचललेत. "आधी जनावरं, मग मानसं. लय भूक लागली आसंल तर तूबी भुंक." आईला हसू आवरेना.

श्वानांची भांडी मी भरतच होतो, तोच खालच्या उतारावरून धूर येऊ लागला. जुने गवत जाळले की नवे जोमाने फुटते, या सनातन श्रद्धेने कोणीतरी डोंगर पेटवलेला, आणि वारा नेमका आमच्या दिशेचा. परतीची वाट धुरात गडप. थोरला उडी मारून गाडीत शिरला. धाकटी भेदरून करवंदीच्या जाळीत घुसली, ती बाहेर येईना. मी विनवण्या केल्या, बिस्किटे दाखवली. तडतडाट जवळ येत होता. इतक्यात मेंढरे घेऊन आलेला कवठे महांकाळकडचा एक मेंढपाळ धावत आला आणि त्याने काडी ओढून गाडीपुढचे गवत स्वतःच पेटवले!

"अहो, हे काय आरंभिले आहे?" मी, उच्चविद्याविभूषित, किंचाळलो.

"आवं मालक, जळल्यालं परत जळत न्हाई. ह्ये इझलं की गाडी काळ्यावर घाला. शानपना मागनं करा!"

"माझी कुत्री जाळीत आहे."

"आन् शिलिंडर कुटं हाय?"

मी वळून गाडीतल्या सिलिंडरकडे पाहिले. वाऱ्याबरोबर ती आग पुढे पळाली, मागे काळी जमीन उरली. मी गाडी तिच्यावर नेली. मोठा वणवा आला, काळ्याशी अडला आणि दोन्ही अंगांनी निघून गेला. काचा तापल्या होत्या. थोरला माझ्या मांडीत थरथरत होता. आरशात जाळी दिसत नव्हती, केवळ धूर दिसत होता. आणि मग त्या धुरातून घोंगड्यात काही गुंडाळून तो मेंढपाळ आला. मिशा करपलेल्या, तिच्याही आणि त्याच्याही.

"मालक, ह्ये तुमचंच नव्हं?"

"होय. मी येतच होतो," मी म्हणालो.

घरी हीच कथा मी भारदस्त शब्दांत सांगितली आहे आणि ऐकणाऱ्यांनी मान डोलावली आहे. हे पत्र कोणत्याही पेटीत पडणार नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. तो काच ठोठावत होता, कारण दार मी आतून लावून घेतले होते.