वडगावच्या कार्यक्रमाला बास मी वाजवणार

प्रसेनजीत,

तुझा बास गिटार आणि पायानं दाबायची ती इफेक्टची पेटी चोरीला गेलेली न्हाय, मी नेली हाय. पोलिसात जाऊ नको.

दुपारी तू कामावर असताना ऑर्केस्ट्राचे माने मालक तुला ऐकायला आले. आजच्या पेठ वडगावच्या कार्यक्रमाला त्यांना बासवाला पाहिजे होता. म्हटलं, चहा होईपर्यंत मीच जरा छेडतो. जलशात चाळीस वर्षं एकतारी वाजवली की मी. तुझ्या बासला चार तारा, म्हणजे तीन फुकटच. पेटीत घरघर वाढवली, आवाज खोल विहिरीत सोडला आणि एकच जाड तार धरून बसलो. शेजारच्या सोनूबाईची भांडी मांडणीवरनं उतरून आपल्या दारात ऐकायला आली. मालक म्हणाले, "आजोबा, कपडे बदला आणि गाडीत बसा."

सहा महिने खपून तू पेटीत आठ नंबरला बसवलेला आवाज त्या गडबडीत पुसला गेला. तिथं आता माझा हाय. तुझा इस्त्रीचा काळा शर्ट मीच घातलाय. भात झाकून ठेवलाय, गरम करून घे.

मघाशी मालकांनी विचारलं, "पुढच्या कार्यक्रमाला नातवाला घेऊ काय?" आज्जा जन्मभर थापाच मारतो, असं तू मित्रांपुढं सांगतोस. म्हणून आज पहिल्यांदा खरं बोललो. म्हटलं, पेटी बंद केली की पोरगं ऐकूच येत न्हाय.

गणपती आज्जा