फितीच्या वर अकरा मजले

ता. ११ जानेवारी

चि. धाकटीस,
ताईचे अनेक आशीर्वाद. माझं अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला, तेव्हा नावं न ठेवता वाच. काम आहे.

डिसेंबरात मी तुला आमच्या सुई इमारतीचं कॅलेंडर पाठवलं होतं. ते भिंतीला असेल तर आत्ता काढ, गुंडाळी कर आणि पेटीत कपड्यांच्या खाली ठेव. घडी घालू नकोस. ठेवलंस? मग पुढचं वाच.

आम्हा फरशी पुसणाऱ्या बायकांना ते कॅलेंडर एकेक फुकट मिळालं होतं. मी उलगडूनही बघितलं नाही. ज्या इमारतीवरून पडून आपला भाऊ, आपला बोका गेला तिचं तोंड बारा महिने खोलीत कोण बघणार? तुमच्या स्टुडिओत लागेल म्हणून पाठवून दिलं. आणि काल रखवालदाराच्या केबिनमध्ये पुसायला गेले तर तेच समोर टांगलेलं. सकाळचं ऊन, काचा लखलखतायत, आणि तिसाव्या मजल्याला ती लाल फीत.

फितीचं तुला सांगितलं नव्हतं. सुईला पंचवीस वर्षं झाली म्हणून ऑक्टोबरात समारंभ केला तेव्हा ती बांधली होती. आदल्या संध्याकाळी बांधली, दुसऱ्या दिवशी दुपारी सोडली. म्हणजे हा फोटो त्याच सकाळचा. बोका गेला ती सकाळ. फितीच्या वर मी बोटाने मजले मोजत गेले. अकराव्या मजल्यावर एक ठिपका आहे. चष्मा पुसून बघितलं. दोराला टांगलेल्या पाटावर बसलेला माणूस, शेजारी बादली, आणि बादलीला पिवळं काहीतरी. दोरावरून काचा पुसणारी माणसं बादल्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून आपापलं फडकं बांधतात. बोक्याचं फडकं आईच्या जुन्या पिवळ्या चादरीचं होतं, मीच फाडून दिलं होतं. तीनदा मोजलं. अकरा.

आता तुझ्या डोक्यात उजेड पडला असेल. ठेकेदार म्हणतो समारंभाच्या दिवशी दोरकाम बंद होतं. म्हणतो, बोक्याला आदल्या दिवशी कामावरून काढलं होतं, त्याच रागात तो गच्चीवर गेला आणि उडी मारली. पोलिसांच्या कागदावरही तेच, स्वतःहून. मी ओरडून सांगितलं की त्याने मला आदल्या संध्याकाळी सांगितलं होतं, सकाळी फोटोवाले येणार म्हणून उन्हाच्या बाजूच्या काचा पुसायला बोलावलंय. त्यांनी विचारलं, हे अजून कोणी ऐकलं का. आम्हा बायकांना त्या दिवशी सुट्टी होती, कोण ऐकणार? खाली ना बादली सापडली, ना पाट. मी पोहोचायच्या आत उचललं सगळं. पण उडी मारायला निघालेला माणूस बादली घेऊन काच पुसत बसतो का?

तीन फेब्रुवारीला कामगार कचेरीतले साहेब मला ऐकून घेणार आहेत. मला त्यांच्याकडून दुसरं काही नको, तो ‘स्वतःहून’ शब्द खोडा म्हणावं. आज केबिनमधलं कॅलेंडर मागायला गेले तर भिंतीवर दुसरंच. छापण्यात चूक झाली म्हणून सगळी परत गोळा केली म्हणे. रखवालदार सांगत होता की नव्यात ठिपका नाही. म्हणजे आता तुझ्याकडचं एकच. उलट टपाली पाठव, पुठ्ठ्याच्या नळीत.

आईला इतक्यात बोलू नकोस. तुझ्या फोटोवाल्यांना विचारपूस सांग. माया आहे ती राहू दे.
तुझी ताई

ता. २० जानेवारी

ती. ताईस,
शिरसाष्टांग नमस्कार. तुझं पत्र परवा आलं. तू रागावशील आणि रागावायलाच हवं.

तुला आठवतं, स्टुडिओत मागे सुईचा पडदा आहे? जन्मात गाव न सोडलेली माणसं त्याच्यापुढे कोट घालून उभी राहतात आणि सुईला जाऊन आल्यासारखा फोटो घेऊन जातात. तो पडदा इथल्या रंगाऱ्याने काढलेला, सुई म्हणजे उभा धरलेला मुळा दिसायची. बोका हसून लोळायचा. तू कॅलेंडर पाठवलंस तसं ह्यांनी ठरवलं की त्याचाच मोठा फोटो करून कापडावर छापून आणायचा. नवीन वर्षाच्या आठवड्यात ह्यांनी ते टेबलावर पसरलं, भिंग लावलं आणि साफ केलं. फोटो काढायच्या आधी हे प्रत्येक गोष्ट साफ करतात, ताई. आयुष्यभर लोकांच्या चेहऱ्यावरचे तीळ, व्रण, मुरमं पुसत आलेत. मला घरी येऊन सांगितलं होतं, इतकं सुरेख चित्र पण वरती माशी घाण करून गेलेली, दाढीच्या पात्याने अलगद खरवडून काढली, कळतही नाही.

आई दुपारची निजली होती तेव्हा तुझं पत्र मी मोठ्याने वाचत होते, हे जेवत होते. फितीच्या वर अकरा मजले हे वाचलं आणि ह्यांनी ताट बाजूला सारलं. तसेच उष्ट्या हाताने स्टुडिओत गेले. मी मागून गेले तर कॅलेंडर खिडकीच्या काचेला धरून उभे. तिथे पांढरं झालंय. जोंधळ्याच्या दाण्याएवढं.

छापून आलेला पडदाही खरवडल्यावरचाच. तेव्हापासून हे माझ्याशी बोलत नाहीत, गिऱ्हाइकाशीही नाहीत. काल एका नवरीच्या घरचे तिच्या हनुवटीवरचा तीळ पुसून द्या म्हणाले तर ह्यांनी नकार दिला आणि त्यांना वाटेला लावलं.

आईचं काय सांगू. टीव्हीवर सुई दिसली की ती पूर्वी सगळ्यांना गप्प करायची, माझा पोरगा तिथे आहे म्हणायची. त्या मारामारीच्या पिक्चरमध्ये नायक वरून लोंबकळतो तेव्हा कोपऱ्यात एक बादली हलते, ती बोक्याची, हे तिने निम्म्या गावाला दाखवलंय. आता सुई आली की ती भिंतीकडे तोंड करते. त्याचं नाव घेत नाही. शेजारणीने एकदा सांत्वनाला म्हणून म्हटलं की पोराच्या मनात काय होतं कोणाला ठाऊक, तर आई म्हणाली, मला तरी कुठे ठाऊक. ताई, आईलाही ते खरं वाटायला लागलंय. मला त्याचीच भीती वाटते.

कॅलेंडर तसंच पाठवतेय. निदान फीत तरी दिसते आहे. चुकलं ते पदरात घे, आणखी काय लिहू.
तुझी धाकटी

ता. ६ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद. तुझं पत्र वाचून मी काय काय बोलले ते कागदावर लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या खोलीतली बाई विचारायला आली, कोणाशी भांडतेस म्हणून. माशीची घाण. माझा भाऊ माशीची घाण झाला.

राग उतरल्यावर मी तो फोटो काढणारा गाठला. त्याचं नाव कॅलेंडरच्या तळाला इंग्रजीत होतं, रखवालदाराने वाचून दिलं. मोठा माणूस आहे, भिंतीभर सुईच सुई. पावसातली, धुक्यातली, विजेतली, बिस्किटाच्या डब्यावरची, त्या नाचगाण्याच्या पिक्चरच्या पोस्टरवरची. त्या गाण्यात बाई जिच्यावरून धावते ती चकाकती फरशी माझ्या हातची आहे. मी तेव्हा खांबाआड पोछा धरून श्वास कोंडून उभी होते. त्याला सांगितलं तर हसला. बोक्याचं विचारलं तर हसायचा थांबला. म्हणाला ठिपका होता खरा, इमारतीच्या कचेरीतून निरोप आला म्हणून काढून टाकला, आणि मूळ फिल्म तेच घेऊन गेले. लिहून द्याल का म्हटलं. तर म्हणाला, बाई, मला तिथे अजून काम करायचंय. चहा विचारला. मी नको म्हटलं.

कचेरीतल्या साहेबांनी मला नीट ऐकून घेतलं, खोटं कशाला बोलू. ठेकेदार नवा शर्ट घालून आला होता. साहेबांनी कॅलेंडर हातात घेतलं, मी बोट ठेवलं तिथे बघितलं, मग ते खिडकीकडे धरलं. पातं जरा जास्तच लागलेलं. भोकातून उजेड आला. साहेब विचारतात, बाई, इथे काय होतं? मी म्हटलं, माझा भाऊ होता. ते म्हणाले, ते तुम्ही म्हणता. एवढंच. कागद बदलला नाही, आणि आता बदलणार नाही. सगळं मिळून पाव तास.

बाहेर आल्यावर ठेकेदार मला म्हणाला की माणूस चांगला होता. मी त्याला जे म्हटलं ते साहेबांच्या शिपायाने ऐकलं आणि तोंड फिरवून हसला. तेवढंच काय ते समाधान.

आता तू आईला सांग. ताईने डोळ्यांनी बघितलंय म्हणावं, पाटावर बसला होता, काच पुसत होता, तुझ्या चादरीचं फडकं होतं. माझ्यावर तरी विश्वास ठेव म्हणावं.

फोटोवाल्यांना सांग जेवत जा. त्यांनी माशी खरवडली, दुसऱ्यांनी माणूस जाणून खरवडला. दोघांना मी एका ओळीत उभं करणार नाही. दारं आपली एकमेकांना उघडी असू देत.
ताई

ता. २ मार्च

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार. आईला सांगितलं. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली की ताई मला बरं वाटावं म्हणून सांगतेय, लहानपणीही त्याची मारामारी झाली की हीच आड यायची. मग पुन्हा भिंतीकडे तोंड. मी हात टेकले.

त्यानंतर ह्यांनी काय केलं ते मला आधी ठाऊक नव्हतं. चार दिवस स्टुडिओ बंद ठेवला. दाराला आतून कडी. पाचव्या दिवशी घरी आले ते थेट आईपुढे जाऊन बसले आणि म्हणाले, आई, त्या पिवळ्या चादरीचा तुकडा उरलाय का, मला रंग जुळत नाही. आईने भिंतीकडून तोंड वळवलं. मग उठली. ताई, तिने तिच्या उशीचा अभ्रा उसवला. आतली जुनी उशी त्याच चादरीत शिवलेली होती. मला ठाऊक नव्हतं. कोपरा कापून दिला.

दुसऱ्या दिवशी आईच म्हणाली, मला तिकडे ने. पाच महिन्यांत पहिल्यांदा उंबरा ओलांडला. ह्यांनी नव्या पडद्यावर सगळ्यात बारीक कुंचल्याने त्याला काढलाय. पाट, दोर, बादली, फडकं. जोंधळ्याच्या दाण्याएवढाच, मोठा नाही. मी म्हटलं जरा मोठा काढायचा होता तर म्हणाले, होता तेवढाच काढायचा.

आई शिडीवर चढणार होती, आम्ही धरून ठेवली. ह्यांनी भिंग दिलं. तिने भिंगातून बघितलं आणि म्हणाली की बादली डाव्या हाताला हवी, तो डावखुरा होता. ह्यांनी तिच्यासमोर पुसून डाव्या हाताला काढली. मग ती त्याला नावाने बोलली. चढताना कोणाला सांगून जायचं असतं रे, एवढंच. पण नाव घेतलं. मग ती तिथेच खुर्ची ओढून बसली आणि फोटो काढा म्हणाली. ह्यांनी सांगितलं, आई, तोंड इकडे करा. तिने केलं नाही. म्हणून सोबतच्या फोटोत तिची पाठ आहे.

गिऱ्हाइकं कुरकुर करतात, पडद्यावर डाग आहे म्हणून. हे म्हणतात, असू दे, तो डाग नाही.

तुझी सगळी माया आम्हाला लागते, ती कमी करू नकोस.
धाकटी

ता. ११ मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद. फोटो मिळाला. आईचे केस किती पांढरे झालेत ते पाठीमागून कळलं. समोरून ती कधी कळू देत नाही.

इथे सगळं तसंच आहे. काल पुन्हा कसलंसं शूटिंग होतं, आम्हाला दुपारभर जिन्यात कोंबलं. दोरावर नवीन माणूस आलाय. त्याच्या बादलीला काहीच बांधलेलं नव्हतं, म्हणून मी माझ्या पोछ्याचा तुकडा फाडून दिला. बावळटासारखा बघत राहिला.

फोटो मी रखवालदाराच्या भिंगाखाली बघितला. काम चांगलं आहे, फोटोवाल्यांना सांग. मान खाली घालून बसायचा तो अगदी तसाच आलाय. पण मी मोजलं. फितीच्या वर नऊच मजले आहेत. अकरा हवेत, मी तीनदा मोजले होते. त्यांना म्हणावं, शिडी लावा आणि दोन मजले वर घ्या. त्याला खाली आणायचं काम ज्यांनी केलं त्यांनी केलं. आपल्या घरात ते व्हायला नको.

वर घेतलात की दुसरा फोटो पाठव. आईला चालेल तर तशीच बसव, पाठ करून.

वाट बघते, लोभ आहेच.
ताई