‘थोडक्यात वाचलो’चं खोकं

४ मार्च २०२५, मंगळवार

सुपरवायझर मॅडमचा मेसेज — सकाळी सकाळी! ‘मुलांना औषधं व विषारी वस्तूंपासून सुरक्षितता शिकवावी. फोटो ग्रुपवर टाकावेत.’ शिकवावी म्हणे! काय शिकवायचं, कसं शिकवायचं, ते नाही. फोटो तेवढे पाहिजेत. माझ्या अंगणवाडीत बावीस पोरं, तीन ते पाच वर्षांची. पोस्टर लावलं तर त्यातलं एखादं पोस्टरच फाडून खाईल.

पण डोक्यात किडा सोडला मॅडमनी. वर्गात सहज विचारलं — औषध म्हणजे काय रे? गणराज म्हणाला, "आई लपवते ते." एक जण म्हणाला, "पप्पा पगाराच्या दिवशी पितात ते." (कोण ते लिहीत नाही. त्याची आई माझ्या ओळखीची आहे.) शेवटी स्वरूपानं हात वर केला. ही माझीच लेक, साडेतीन वर्षांची. वर्गात आई म्हणायचं नाही, बाई म्हणायचं, असं तिला बजावलंय. ती म्हणाली, "कडू असतं ते, बाई!"

शाब्बास! हेच पकडायचं.

घरी येऊन सासूबाईंना तोच प्रश्न टाकला. त्यांनी कनवटीची चिंधी सोडली, दोन गाठी, आत ओवा. "ह्ये औशीद. बाकी समदं दुकानदाराचं." बघा!

५ मार्च

गाणं केलं. ‘गोड गोड खाऊ, हात करू पुढे. कडू कडू औषध, थू थू थू थू!’ पोरं अशी काही रंगली की थू थू करून सगळी सतरंजी ओली केली. छबूबाई, आमच्या मदतनीस, खिचडीचं पातेलं सोडून फडकं घेऊन धावल्या. "सुमनताई, उद्या गाणं बदला, न्हाई तर सतरंजी तुमी धुवा."

फोटो टाकला. मॅडमचा अंगठा आला.

६ मार्च

आज एक उद्योग केला. खरंच कळतं का पोरांना, हे बघायचं होतं. थाळीत रंगीत चॉकलेटच्या पाच गोळ्या आणि लोहाच्या पाच लाल गोळ्या — गरोदर बायांना आपण वाटतो त्याच — शेजारी शेजारी मांडल्या. हात लावायचा, तोंडात घालायचं नाही. खाऊ इकडे, औषध तिकडे.

बावीसच्या बावीस जणांनी लाल गोळ्या खाऊत टाकल्या! एवढं गाणं घसा फोडून म्हटलं आणि हे! वर दिव्या नावाच्या अंगठ्याएवढ्या पोरीनं मलाच विचारलं, "बाई, औषध कुठाय मग?"

मला हसू आवरेना. आणि मग जरा भीतीही वाटली. माझ्या स्वतःच्या हातांनी मी ह्या गोळ्या घरोघर देते.

थाळीतल्या गोळ्यांना सगळ्यांचे चिकट हात लागलेले, त्या आता कोणाला द्यायच्या? पुडी बांधली, पिशवीत टाकली. टाकून देईन कुठेतरी नीट.

७ मार्च, शुक्रवार

आमचे हे — ज्योतीराम. पानावर नाव लिहायला कसली लाज — फर्स्ट शिफ्ट करून आले ते छातीवर हिरवा बिल्ला लावूनच. कंपनीत सुरक्षा सप्ताह चाललाय. शपथ झाली, स्पर्धा झाली, ह्यांना स्टीलचा डबा मिळाला. डबा राहिला बाजूला, मी भलत्याच गोष्टीत अडकले. ह्यांच्या लाइनवर म्हणे एक पेटी आहे. ‘नियर मिस’ची.

"म्हणजे?"

"म्हणजे लागलं नाही, पण लागलं असतं. वरून पाना पडला, कानाजवळून गेला. ते चिठ्ठीवर लिहून टाकायचं. नाव नको."

"आणि मग साहेब ओरडतो?"

"ओरडला तर दुसऱ्या दिवसापासून कोण टाकेल चिठ्ठी? पेटीचा नियमच तो आहे, सुमन. ऐकायचं, दुरुस्त करायचं, बोलायचं नाही."

काय छान आहे हे! इतकी वर्षं हा माणूस रोज तिथे जातोय आणि मला आज सांगतोय.

१० मार्च, सोमवार

ह्यांनी नट-बोल्टचं रिकामं खोकं आणलं. त्याला वरून फट पाडली आणि लिहिलं — ‘थोडक्यात वाचलो’. अंगणवाडी सुटताना सगळ्या आयांना थांबवलं. "पोरानं घरात काही भलतं तोंडात घातलं, घालता घालता वाचलं, तर इथे लिहून टाका. नाव नको. मी एक शब्द कोणाला बोलणार नाही!"

छबूबाई खुदकन हसल्या.

"काय झालं हसायला?"

"तुमी? आन बोलणार न्हाई?"

सगळ्या जणी हसल्या. स्वरूपाला न्यायला आलेल्या आमच्या सासूबाईसुद्धा! पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी काय एवढी वाईट आहे का? आवाज मोठा आहे माझा, बास. बावीस पोरं सांभाळून बघा म्हणावं.

११ मार्च

खोकं रिकामं.

१२ मार्च

रिकामंच. म्हणजे एक चॉकलेटचा कागद निघाला. गणराजचा.

का टाकत नसतील? विचार करता करता पोळी करपली. अर्ध्या जणींना लिहिता येत नाही. उरलेल्या अर्ध्या जणींना माझ्यासमोर लिहायचं नाही. मग सुटताना सांगितलं, लिहू नका, जी वस्तू असेल तीच टाका. मी वर्गात नसताना टाका, म्हणजे झालं.

१५ मार्च, शनिवार

धुळवडीची सुट्टी संपवून आले तर खोकं जड! छबूबाईंना बोलावलं, दार लावलं, सतरंजीवर पालथं केलं.

थंड पेयाची बाटली, तळाशी दोन बोटं निळं पाणी — कंपनीतून आणलेलं हात धुवायचं लिक्विड. वास घेतला तर डोळ्यांत पाणी आलं. खोकल्याच्या औषधाची बाटली, झाकणावर दातांचे व्रण. उंदराच्या वडीचा कागद, कोपरा कुरतडलेला. उंदरानं की पोरानं? थिनरची बाटली. डासांच्या लिक्विडची कुपी. आणि घड्याळात असतो तसला एक बटणाएवढा सेल.

ह्या सगळ्या घरांत मी महिन्यातून एकदा जाते, चहा पिते, वजनाचा तक्ता भरते. मला कधी काही दिसलं नाही. ह्या बाटल्या तेव्हा कुठे होत्या? माझ्या पाठीमागेच असतील.

छबूबाई म्हणाल्या, "आता बोलू नका हां कुणाला."

नाही बोलणार. कानाला खडा.

१७ मार्च, सोमवार

खोक्यात एकच वस्तू. हिरव्या जुनेऱ्याची चिंधी, गाठी इतक्या घट्ट की दातांनी सोडवाव्या लागल्या. आत एक गोळी. लोहाची. एका बाजूनं लाल, दुसऱ्या बाजूनं पांढरट-करडी. चोखलेली!

कुठल्यातरी पोराच्या तोंडातून काढलेली गोळी आहे ही. कुणाच्या? बाकीच्या गोळ्या कुठे आहेत? त्या अजून त्याच फळीवर पडल्यात का? माझा जीव टांगणीला लागलाय.

१८ मार्च

उपकेंद्रात जाऊन आम्रपाली सिस्टरना गाठलं. त्यांनी गोळी उलटीपालटी करून पाहिली. "एखादी चाटली तर बहुतेक काही होत नाही. पण पोरानं पाकीटच फस्त केलं तर जिवावर बेतू शकतं. आणि ताई, सांगून ठेवा सगळ्यांना — मीठ-पाणी पाजून उलटी काढत बसायचं नाही. पाकीट हातात घ्यायचं आणि सरळ दवाखाना."

मी विचारलं, पोरं चोखतात तरी कशी ही कडू गोळी?

"कडू कुठली? वरून साखरेचा थर असतो."

विश्वास बसेना. तिथेच एक घेतली, जिभेवर ठेवली. गोड! चांगली गोड! मग हळूहळू गंजलेल्या नळासारखी चव आली तेव्हा थुंकले. सिस्टर हसून हसून बेजार.

मी मात्र चिंचेसारखी आंबट झाले. दोन आठवडे मी काय शिकवतेय? कडू ते औषध. म्हणजे गोड लागलं की खाऊ! पोरं चुकली नव्हती थाळीजवळ. मी चुकले होते.

गाणं बदललं. ‘गोड असो, कडू असो, आधी विचारू, मग घेऊ.’ चाल नीट बसत नाही. बसवू.

१९ मार्च

लाल गोळ्या मी ह्या महिन्यात पाच जणींना दिल्यात. पाचही घरं आज पालथी घातली. चार घरी पाकीट वर, डब्यात, ठीक.

पाचवी नीला. दिव्याची आई. लातूरकडची, नवरा तळेगाव रोडला कंपनीत, हिला पाचवा महिना. खोलीत पाऊल टाकलं आणि समोरच टीव्हीखाली तीन पाकिटं! दिव्याच्या हाताशी! वर त्यातली दोन तर फोडलेलीसुद्धा नाहीत. म्हणजे बाई गोळ्या खातच नाही.

माझं डोकंच फिरलं. काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या दोघी दारात येऊन उभ्या राहिल्या, तरी थांबले नाही.

नीला म्हणत राहिली, "मळमळतंय ताई, म्हणून न्हाई खाल्ल्या. पर ती चिंधी माझी न्हाई. लेकराची आन."

मग कोणाची?

२० मार्च

दिव्या आली नाही.

खोकं रिकामं.

२१ मार्च, शुक्रवार

दिव्या आजही नाही. खोकं आजही रिकामं. छबूबाईंना म्हटलं, बायकांना झालंय काय? त्या पातेलं घासत घासत म्हणाल्या, "आता कोण टाकंल? तुमी बोललात की."

हो, बोलले! मान्य आहे! पण चोखलेली गोळी दिसल्यावर गप्प बसू का? एखादं पोर गेलं असतं म्हणजे? हे मला म्हणतात, खोक्याचा नियम मोडलास. ह्यांच्या कंपनीत पाने पडतात हो, पोरं नाही मरत. असं मी तोंडावर म्हटलं ह्यांना, आणि मग वाईट वाटलं, कारण मागच्या वर्षी ह्यांच्या लाइनवरच्या एका माणसाची बोटं गेली होती.

संध्याकाळी आम्रपाली सिस्टरचा फोन आला. नीला तपासणीला आली नाही. म्हणजे माझ्या ओरडण्यानं पोरीची अंगणवाडीही सुटली आणि आईचा दवाखानाही. ती तिकडे गावी निघून गेली तर?

तरी गोळी तिचीच, असं मला वाटतंय. दुसरं घर आहे कुठलं? जेवताना सांगून टाकलं सगळ्यांना — सोमवारी मॅडमना नीलाचं नाव कळवते. मॅडम येऊन समजावतील. सासूबाई भाकरी अर्धी टाकून उठल्या. दात दुखत असेल.

२२ मार्च, शनिवार

सकाळी चहाचा कप खाली ठेवून सासूबाई म्हणाल्या, "त्या पोरीचं नाव नगं कळवू. गोळी म्याच टाकली."

रविवारी मी धुण्याला बसले होते. खुर्चीला माझी पिशवी, पिशवीत पुडी — थाळीतल्या त्या पाच गोळ्यांची. स्वरूपाच्या तोंडात बोट घालून त्यांनी एक काढली. उरलेल्या वर पत्र्याच्या डब्यात. मी डबा उघडून पाहिला. चार.

"मला का नाही सांगितलं, आई?"

"सांगितलं असतं तर तू घर डोक्यावर घेतलं असतंस. खोक्यात टाकलं की बोलणार न्हाई, असं तूच म्हणली व्हतीस."

स्वरूपाला मांडीवर घेतलं. आवाज खाली आणून विचारलं, का खाल्लीस गं?

"औषध नव्हतं ते, बाई. गोड होतं."

घरात होतो आम्ही. तरी बाई म्हणाली.

चिठ्ठी लिहिली आहे, माझं नाव घालून. खोक्यात टाकण्याआधी नीलाला वाचून दाखवायची आहे.