तीन कवितांएवढा वेळ

१८ नोव्हें. ८६, मंगळ.
दिवाळीनंतर आज शाळा उघडली. खास वर्गात कॉम्प्युटर लागला, पुतण्याने दिलेला. जुन्या टीव्हीला जोडायचा, कॅसेट लावायची, चार मिनिटं नुसती किर्रकिर्र, मग बेडूक. बेरीज बरोबर आली की एक दगड पुढे. सात दगड, पलीकडे काठ. वर्गात आठ मुलं. कोणी चावतं, कोणी टेबलाखालून निघत नाही. बेडूक दिसला अन् सगळी चिडीचूप! रिटायर होऊन सहा वर्षं झाली, आज पुन्हा मास्तर झालो.

२१, शुक्र.
चष्मा फुटला. पुष्पाने जेवणाचा डबा फेकला. दहा वर्षांची, उमरेडच्या विणकराची पोर. इथे लकडगंजला मामाकडे राहते. कॅसेट चालू होती आणि मी आपला दर घडीला, "आलंच बेटा, झालंच." पाचव्या 'झालंच'ला डबा.
मोठ्या बाई म्हणाल्या, "गुरुजी, तुमच्या शब्दाखातर ठेवलं हिला. आज बापाला पत्र टाकते. त्याने येऊन न्यावी."
नेली म्हणजे शाळा संपली. तिकडे असा वर्ग कुठला...

२४, सोम.
दोन दिवस तेच डोक्यात. चूक माझी. पोर थांबायला चिडत नाही, खोट्या 'झालंच'ला चिडते. किती थांबायचं ते तिला कोणी सांगतच नाही. घड्याळ कळत नाही. पण कविता?
दुसरीच्या वर्गात सुटीच्या घंटेआधी म्हणून घ्यायचो त्या. नदीची, माळ्याची, पाखरांची. कौलांतून ऊन यायचं, चाळीस गळे एका सुरात... घड्याळ समोर ठेवून तिन्ही म्हणून पाहिल्या. बरोब्बर चार मिनिटं! स्वयंपाकघरातून ही: "अहो, भिंतीले शिकवून राहिले काय?"

२७, गुरु.
पुष्पाला म्हटलं, "तीन कविता. तिसरी संपली की बेडूक."
"अन् नाई आला तं?"
"तं मार मले डबा."
हसली! पाखरं उडाली आणि बेडूक आला. तिसऱ्या दगडावरून पाण्यात पडला. डबा जागच्या जागी.

४ डिसें., गुरु.
कविता संपली की ती एक बोट मुडपते. आज माळ्याचं एक कडवं विसरलो. लगेच, "गुरुजी, चोरी नाई करायची."
म्हणजे ऐकत होती. पाठ झालीये!

९, मंगळ.
बेडूक सहाव्या दगडावर, आणि लाईट गेली. म्हणजे कॅसेट पुन्हा पहिल्यापासून. दारात मोठ्या बाई. पुष्पाचा हात डब्यावर. "कधी येते?"
'येईलच' जिभेवर आलं होतं. गिळलं. "मले माहीत नाही, पुष्पा."
तिने माझ्याकडे पाहिलं. मग डबा दप्तरात घातला. "आली का पहिल्या कवितेपासून म्हणा."
बाई मला बाहेर बोलावून म्हणाल्या, "पाहिलं मी. पण पत्राचं उत्तर आलंय. बाप शनिवारी येतोय. आता त्याने ठेवली तरच."

१३, शनि.
बाप आला. पोरीच्या कपड्यांसाठी रिकामी पिशवी घेऊन.
"गुरुजी, टीव्हीवरचा खेळ खेळाले इथं ठेवू काय हिले?"
म्हटलं, एकदा बघा, मग न्या. चार मिनिटं थांबावं लागेल.
"चार मिनिटं? आमचा मागावर ताणा लावालेच दोन दिवस जाते जी."
कॅसेट किरकिरली. मी तोंड उघडलं, तर पुष्पा, "तुम्ही नका. मी म्हणतो." मग बापाला, "बाबा, तीन आहेत. मधात उठाचं नाई." आणि तिन्ही म्हटल्या, एकही कडवं न गाळता. बाप पिशवीची घडी करत बसला, उलगडत बसला. बेडूक पाचव्या दगडावरून पडला. "पडला," पुष्पा म्हणाली, "पुन्हा." बाराची गाडी चुकली.
एकच्या गाडीने दोघं निघाले. मी विचारलं, "सोमवारी आणाल?"
"आता काय सांगू जी? हिच्या मायले इचारतो."
पुष्पाने मला विचारलं, "सोमवार किती दूर आहे?"
"दोन रात्री."
तिने दोन बोटं मुडपली आणि हात बापासमोर धरला. त्याने ती बोटं पाहिली. पिशवीची घडी करून काखेत धरली. पिशवी रिकामीच होती, कपडे मामाकडेच राहिले.