लिमिटच्या किंचित वर

४ मार्च, संध्याकाळी
कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट आला. एलडीएल १७१. शेजारी छापलंय, शंभरच्या आत हवं. आधी घाम फुटला, मग हसू आलं. अरे, पंचवीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय मी! लिमिट म्हणजे काय ते मला शिकवणार? पाटीवर आठ माणसं लिहितात, दोर त्याच्या कितीतरी पट पेलतो. लिहिणारे घाबरट असतात. हिच्या जिवाला उगाच घोर नको. रिपोर्ट हत्यारांच्या पिशवीत, पान्यांच्या खाली.

५ मार्च
बायकोच ती, विचारलंच. थोडं काठावर आहे, असं सांगितलं. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.
डॉक्टरांचा फोन. रिपोर्ट घेऊन या, बटर-तळलेलं बंद, रोज चाला. घरात कुणाला हृदयाचा त्रास आहे का, असंही विचारलं. दादाचं सांगितलं. बावन्नाव्या वर्षी खुर्चीत बसल्या बसल्या गेला. मी एक्कावन्नचा. पण दादाची गोष्ट वेगळी. तो कुणाचं ऐकायचाच नाही.
उद्यापासून फक्त जिना.

६ मार्च
सात मजली इमारतीत काम. तिसऱ्या मजल्यापर्यंत जिन्याने गेलो. तिथे लक्षात आलं, लिफ्टमध्ये न बसता लिफ्ट तपासणं म्हणजे कामात कुचराई. ड्यूटी फर्स्ट. उरलेले मजले बसून तपासले. उतरतानाही तपासले.

९ मार्च
क्रीम बिस्किटातलं क्रीम चमच्याने खरवडून काढलं, नुसतं बिस्किट खाल्लं. जिद्द लागते.
क्रीम टाकून देणं जिवावर आलं. खाल्लं.

१३ मार्च
नेटवर वाचलं, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल. छापलंय ४०, माझं ३२. म्हणजे इथे आपण लिमिटच्या चांगले खाली! एक जास्त, एक कमी, फिट्टंफाट. डॉक्टरांकडे जायची घाई नाही.

१८ मार्च
ओव्हरलोडचा भोंगा वाजतोय म्हणून तक्रार. गेलो तर दहा जण आत कोंबलेले, कुणी उतरेना. एक गृहस्थ उलट मलाच म्हणाले, दोन माणसं जास्त झाली तर काय बिघडतं, मार्जिन असतंच की. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, मार्जिन रोज खायला नसतं साहेब, वाईट दिवसासाठी असतं. रोज खाल्लंत तर त्या दिवशी काय उरणार? दोघं मुकाट्याने उतरले. काय बोललो मी! दिवसभर स्वतःवर खूश.
घरी येताना जिन्यात दुसऱ्याच मजल्यावर कठडा धरून थांबावं लागलं. दम लागला होता. तिथे माझंच वाक्य आठवलं. भीती वाटली. खूप वाटली.

१८ मार्च, जेवणानंतर
रिपोर्ट हिच्यासमोर ठेवला. तिने उघडलासुद्धा नाही. म्हणाली, त्या पिशवीत रोज डबा कोण ठेवतं? परवाची अपॉइंटमेंट घेऊनच ठेवली होती. तुम्ही स्वतःहून सांगताय का ते बघत होते, नाहीतर ओढत नेणार होते, म्हणाली. मग म्हणाली, दादांनीही वहिनींना एवढंच सांगितलं होतं, थोडं काठावर आहे. आणि रडायलाच लागली.

२० मार्च
चांगलं कोलेस्टेरॉल जास्त हवं असतं म्हणे. तिथेही नापास. रोज एक गोळी सुरू, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. वेळेवर आलात, असं डॉक्टर म्हणाले.
घरी आलो. बिस्किटांच्या कपाटाला माझीच पाटी लटकत होती: दुरुस्तीसाठी बंद, वापरू नये.
पाटी मीच रंगवलेली. अक्षर चांगलं आहे.