एक जूनचे दोन म्हात्रे

पनवेल, मंगळवार, संध्याकाळ

कंपनीतल्या ड्रायव्हरांच्या दोन याद्या जोडणारं कॉम्प्युटरचं टूल मीच निवडलं. ते एकही ओळ गाळत नाही, पण शंका आली तरी थांबून विचारत नाही. नाव, गाव, जन्मतारीख जुळली की माणूस एकच, हा नियम माझाच. पण एक जून! मास्तरांनी शाळेत निम्म्या गावाला दिलेली तारीख. बाबांचीही एक जूनच. मला कसं सुचलं नाही?

दोन दत्ता म्हात्रे एक झाले. एकाला धाडलेला ‘उद्या कामावर या’ हा निरोप दुसऱ्या, शिमग्यापासून बेपत्ता असलेल्या म्हात्रेंच्या घरी गेला. आज त्यांची बायको ऑफिसात आली.

“ते गवसले का गो?”

“नाही काकू. यादी चुकली.”

“पण यादीत नाव हाय ना? मंग काढू नको.”

नाही काढणार, मी म्हणाले. ती येण्याआधीच काढलं होतं.