सांडोरच्या जोडप्याचा वाकडा फोटो

विरार (पश्चिम),
सोमवार, सकाळ

तीर्थस्वरूप यमुनाताईस,

धाकट्या भूपेशचा वाकून नमस्कार (पूर्ण वाकलो की कंबर धरते, तेव्हा थोडा वरच्यावर झाला तरी गोड मानून घे). तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींचा खोकला थांबला का? कराडला थंडी पडली असेल, इकडे अजून पंखा चालू आहे. आम्ही दोघं मजेत आहोत. फोनवर सांगायला गेलो की तू ‘बरं बरं, कुकर लावलाय’ म्हणून ठेवून देतेस, म्हणून मुद्दाम पत्र. पत्राला कुकर मध्ये येत नाही.

तर ताई, मी फोटोग्राफर झालो! हसू नकोस. निवृत्त झालो तेव्हा ऑफिसातल्या लोकांनी मला कॅमेरा दिला होता (मला घड्याळ हवं होतं, पण ते आदल्या महिन्यात निवृत्त झालेल्याला देऊन संपलं होतं). तो सोळा महिने कपाटात होता. शेवटी हेमांगीनेच वर्तमानपत्रातली जाहिरात कापून माझ्या चहाच्या बशीखाली ठेवली: नवशिक्यांसाठी छायाचित्रण कार्यशाळा, तीन रविवार, वसई. मला वाटलं, बायकोला माझ्यातला कलावंत दिसला. नंतर कळलं की तिला रविवारी घर झाडायला मोकळं हवं होतं.

पहिल्या रविवारी हॉलमध्ये आम्ही अकरा जण. शिकवायला सिप्रियन सर, जवळच्या वटार गावचे, बोलणं इतकं हळू की आपण आपोआप पुढे सरकून बसतो. त्यांनी शटर, अपर्चर आणि आयएसओ समजावलं. मी बारा पानं टिपून घेतली आणि घरी येऊन हेमांगीला तासभर समजावली. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, “म्हणजे खिडकी किती उघडायची आणि किती वेळ, एवढंच ना? त्याला तीन रविवार?” मी पानं पुन्हा चाळली, बारा पानांत खरोखर तेवढंच होतं.

दुसऱ्या रविवारी राजोडीचा समुद्रकिनारा. सर म्हणाले, उभं राहून तर सगळेच बघतात, जरा खाली जाऊन बघा. मी गेलो, अगदी पालथा. समोर वाळूत इवलासा खेकडा, ऐटीत उभा. श्वास रोखून थांबलो. एवढ्यात सहलीला आलेल्या एका कुटुंबाने ‘काका पडले, काका पडले’ अशी हाकाटी केली, आणि काय होतंय हे कळायच्या आत मला उताणा करून कुणी पाय वर धरले, कुणी टोपीने वारा घातला, आणि एका बाईने भेळवाल्याकडचा अर्धा कांदा माझ्या नाकाला लावला. मी बोलायला तोंड उघडलं तर त्यात लिंबूपाणी ओतलं. खेकडा गेला. त्या दिवशीचे माझे चौदा फोटो आहेत, तेरा वाळूचे आणि एक अनोळखी गुडघ्याचा. गुडघा मात्र स्पष्ट आलाय.

आता खरी गोष्ट तिसऱ्या रविवारची. त्यासाठीच एवढा कागद खर्च करतोय. सरांनी आम्हाला वसईजवळच्या सांडोर गावात नेलं आणि सांगितलं, एका अनोळखी माणसाशी ओळख करा, परवानगी घ्या आणि मगच फोटो काढा. मी केळीच्या बागांमधून चालत एका घरापाशी आलो. ओटीवर सत्तरीच्या एक आजी पालेभाजीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. नाव धोंडूबाई. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, “मीटर बघायला आलास का?” मी फोटोचं सांगितलं. त्या जुडी बांधायच्या थांबल्या. म्हणाल्या, “पानी पी आधी. आणि माझा एकटीचा नको. ह्यांच्यासोबत काढ.”

मग हळूहळू समजलं. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली, पण दोघांचा मिळून एक फोटो नाही. लग्नात फोटोग्राफर आला होता, जेवून गेला, आणि रीळ जळलं म्हणून निरोप पाठवला. पुढे कधी सवड झाली नाही. ताई, मला एकदम जबाबदारी वाटायला लागली, जणू ते रीळ माझ्याच हातून जळलं होतं.

अडचण एकच. नवरा-बायको आठ दिवस एकमेकांशी बोलत नव्हते. धोंडूबाईंनी लावलेल्या सोनचाफ्याची मोठी फांदी शत्रुघ्नकाकांनी, वांग्यांवर सावली पडते म्हणून, न विचारता तोडली होती. काका पलीकडे केळींना पाणी लावत होते. मी निरोप्या झालो. त्यांना सांग, सदरा बदला. (वीस पावलं.) तिला सांग, सदरा ट्रंकेत आहे आणि किल्ली तिच्याकडे आहे. (वीस पावलं.) त्यांना सांग, किल्ली खुंटीला आहे, डोळे असतील तर दिसेल. असा अर्धा तास मी बागेत ये-जा केली. सरांनी सांगितलेलं अपर्चर तेवढ्यात डोक्यातून निघून गेलं.

शेवटी दोघं उभी राहिली, दोघांत तिसरा माणूस मावेल एवढी जागा ठेवून. काका विहिरीकडे बघतायत, आजी रस्त्याकडे. मी म्हटलं, जरा जवळ या. कुणी हललं नाही. मग म्हटलं, आपणच मागे सरकावं, म्हणजे अंतर कमी दिसेल. एक पाऊल मागे, दुसरं पाऊल मागे, आणि तिसऱ्याला जमीनच नव्हती! केळींच्या पाटात बसकण मारली, कमरेपर्यंत चिखल, कॅमेरा तेवढा डोक्यावर धरलेला. वरून आवाज आला, “अहो, बघत काय राहिलात, हात द्या त्याला!” आठ दिवसांतलं पहिलं वाक्य. काका म्हणाले, “देतो गं, आधी हसू तरी दे.”

मला ओढून काढलं, धुतलं, काकांचं धोतर नेसवलं आणि जेवायला बसवलं. फोटो राहिला तो राहिलाच, असं मनाशी म्हणत मी कोरड्या धोतरात पण पडेल तोंडाने हॉलवर परतलो. तिथे सिप्रियन सरांनी कॅमेरा हातात घेतला, फोटो मागेपुढे केले आणि एक माझ्यासमोर धरला. पाटात बसून कॅमेरा डोक्यावर धरला तेव्हा माझं बोट बटणावर दाबलं गेलं होतं. फोटो वाकडा, काकांचं एक कोपर कापलेलं, केळीचं पान मध्ये आलेलं. पण दोघं पोट धरून हसतायत, आणि धोंडूबाईंनी तोल जाऊ नये म्हणून काकांचा दंड घट्ट पकडलाय. सरांनी तो सगळ्यांना दाखवला आणि म्हणाले, “मी शिकवलेलं यात काहीच नाही. पण फोटो आहे.” ताई, एवढं कौतुक माझं चौतीस वर्षांच्या नोकरीत झालं नव्हतं.

काल फ्रेम करून नेऊन दिला. काकांनी चष्मा पुसून पाहिला, परत पुसून पाहिला आणि बागेत निघून गेले. धोंडूबाई म्हणाल्या, “जाऊ दे, त्यांना रडू आलं की ते पानी लावतात.” पाट भरून वाहायला लागला तरी काका आत येईनात. निघताना धोंडूबाईंनी मला सुकेळी (वाळवलेली गोड केळी) दिली, त्यातली निम्मी तुला पाठवतोय.

दाजींना नमस्कार. तब्येतीला जप.

तुझा,
भूपेश

ता. क. १: मुख्य गोष्ट राहिलीच. पुढच्या महिन्यात तुझ्या क्षितिजाचा साखरपुडा आहे, त्यासाठी ठरवलेल्या फोटोग्राफरला येऊ नको म्हणून कळव. घरचा माणूस असताना बाहेरचा कशाला? सगळे फोटो मीच काढणार.

ता. क. २: तुमच्या हॉलजवळ पाट, ओढा, हौद असं काही आहे का ते कळव. सहज विचारतोय.

ता. क. ३: वन्सं, मी हेमांगी. पाकीट बंद करायला माझ्याकडे दिलंय म्हणून लिहिते. फोटोग्राफरला मुळीच नाही म्हणू नका, हॉलमध्ये तोच असू दे. यांना मागच्या बाजूला सोडा, जिथे आचारी असतात आणि म्हातारी माणसं खुर्च्या टाकून बसतात. यांच्याशी बोलताना लोक कॅमेरा विसरतात. तो सांडोरचा फोटो मी यांच्या माघारी कॅमेऱ्यात चार वेळा उघडून बघितलाय. हे यांना कळवू नका, नाहीतर घरात पाय ठेवायला जागा राहणार नाही.